शोलाकिळी: पाच घरं पाहिलेलं एक निळं पाखरू

मुन्नारच्या वरच्या अंगाला शोलाच्या कडेशी पहाटे उभं राहिलं की आधी थंडी जाणवते, मग ओल्या पाचोळ्याचा वास येतो. दिसत मात्र काहीच नसतं. जंगलात अजून अंधार असतो. वाकडीतिकडी, शेवाळाने मढलेली झाडं, खाली दाट कारवी आणि नेचे. मग झुडपाच्या बुंध्याशी काहीतरी हलतं. उंदीर असावा असं वाटतं. तेवढ्यात ते दोन उड्या मारून वाटेवर येतं आणि लांब पायांवर ताठ उभं राहतं. चिमणीएवढं अंग, जेमतेम 15 सेंटिमीटर लांबी. पाठ आणि छाती पाटीच्या दगडासारखी करडी-निळी, पोट पांढरं, कपाळावर फिकट निळसर भुवई, शेपूट आखूड. पाचोळ्यात चोच घालून एखादा किडा उचलायचा, इकडेतिकडे बघायचं आणि पुन्हा झुडपात शिरायचं. ऊन वर आलं की हे पाखरू दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं.

हीच शोलाकिळी. केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या उंच डोंगरांवर ती राहते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. शोला म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या गवताळ उतारांच्या घड्यांमध्ये, ओढ्याकाठी दाटलेलं बुटकं सदाहरित जंगल. तमिळमध्ये राईला ‘सोलै’ म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. मल्याळममध्ये ‘किळी’ म्हणजे पाखरू. तोही ‘ळ’ आपल्यासारखाच, त्यामुळे हे नाव मराठी जिभेला अजिबात परकं वाटत नाही.

मला या पाखराबद्दल लिहायचंय ते त्याच्या रूपामुळे नाही. हा पक्षी नक्की कोण, त्याचे नातेवाईक कोण, तो एक आहे की दोन की तीन, हे ठरवायला अभ्यासकांना पावणेदोनशे वर्षं लागली, आणि अजूनही ते पुरतं ठरलेलं नाही. हा वाद फक्त संग्रहालयातल्या खणांपुरता असता तर सोडून दिला असता. पण जगातल्या धोक्यातल्या जीवांच्या यादीत कोणाला जागा मिळणार आणि कोणाला नाही, हे याच वादावर ठरतं.

आधी कप्प्यांचं बघू. बोलताना आपण जात, प्रजाती, प्रकार हे शब्द कसेही वापरतो. इथे ‘जात’ म्हणजे अगदी आतला कप्पा असं धरू. जवळच्या जाती एकत्र ठेवल्या की ‘वंश’ होतो, जवळचे वंश एकत्र आले की ‘कुळ’, आणि कुळांच्या वर ‘गण’. शोलाकिळीचा गण पॅसेरिफॉर्मिस. जगातले निम्म्याहून अधिक पक्षी याच गणातले: चिमण्या, बुलबुल, साळुंक्या, कावळेसुद्धा. त्यातही ती गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या शाखेत मोडते. या शाखेतल्या पक्ष्यांचं स्वरयंत्र छातीत, श्वासनलिका जिथे दुभंगते तिथे असतं आणि त्याला बारीक स्नायूंच्या अनेक जोड्या असतात. म्हणून त्यांना इतके बारकावे गाता येतात. कुळ माशीमारांचं. दयाळ, चिरक आणि पावसाळ्यात घाटात माणसासारखी शीळ घालणारा शीळकरी कस्तूर हे सगळे आज याच कुळात गणले जातात.

गण आणि कुळाबद्दल आज मतभेद नाही. घोळ झाला तो वंश आणि जात या दोन कप्प्यांत.

1840 च्या दशकात मद्रास इलाख्यातले सर्जन आणि निसर्गअभ्यासक थॉमस जर्डन यांनी नीलगिरीतल्या एका पक्ष्याचं वर्णन केलं. त्याचं पोट मधोमध पांढरं, पण कुशीला तांबूस. जर्डन यांना तो थिरथिऱ्याच्या जातकुळीतला वाटला, म्हणून त्यांनी त्याला ‘फीनिक्युरा’ या वंशात ठेवलं. पुढे त्याला ‘कॅलीन’ या वंशात हलवलं.

दक्षिणेकडच्या पळणी डोंगरांत सॅम्युएल फेअरबँक यांना याचाच दुसरा अवतार मिळाला. त्याच्या कुशीला तांबूस रंग नव्हता आणि पोट स्वच्छ पांढरं होतं. विल्यम ब्लॅनफर्ड यांनी 1868 मध्ये त्याचं वर्णन ‘अल्बिव्हेंट्रिस’, म्हणजे पांढऱ्या पोटाचा, या नावाने केलं. फेअरबँक हे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. त्यांचं आयुष्य अहमदनगरच्या परिसरात गेलं, आणि खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव, अहमदनगर इथल्या पक्ष्यांची त्यांची यादी 1876 मध्ये छापून आली. कोडाईकनालच्या बाजूच्या एका पाखराच्या गोष्टीत नगरचा माणूस असा भेटला की मन हरखून जातं.

विसाव्या शतकात या दोघांना एकत्र आणलं गेलं. नीलगिरीचा तांबूस कुशीचा आणि दक्षिणेचा पांढऱ्या पोटाचा ही एकाच जातीची दोन रूपं, म्हणजे उपजाती, असं मानलं गेलं. वंशही बदलला. आता ते ‘ब्रॅकिप्टेरिक्स’ झाले, म्हणजे आखूड पंखवाले. या वंशातले बाकीचे पक्षी हिमालयात आणि आग्नेय आशियात राहतात. मग प्रश्न आला: त्यांचा हा एकटा भाऊबंद दक्षिण भारताच्या टोकाला, मध्ये शेकडो मैलांची कोरडी पठारं टाकून, पोचला कसा?

याला एक उत्तर त्या काळी प्रचलित होतं. सुंदरलाल होरा यांनी मुख्यतः माशांच्या अभ्यासावरून असं मांडलं की पूर्वी हवामान अधिक ओलं असताना पूर्व हिमालयातले जीव सातपुड्याच्या रांगांवरून सरकत सरकत सह्याद्रीत उतरले असावेत. मग मधला दुवा कोरडा झाला आणि दक्षिणेत पोचलेले तिथेच अडकले. कल्पना देखणी होती. आखूड पंखांचं हे पाखरू त्या चित्रात बसतही होतं. पण ते बसत होतं ते त्याला त्या वंशात ठेवलं होतं म्हणून! चुकीच्या कप्प्यात ठेवलेल्या पक्ष्याचा इतिहासही चुकीचा वाचला जातो, हे इथे समजून घेण्यासारखं आहे.

2005 मध्ये अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने तपासून दोन बदल केले. हा पक्षी ब्रॅकिप्टेरिक्स नव्हे, ‘मायिओमेला’ वंशाच्या जवळचा, असं त्यांनी म्हटलं. आणि उत्तर-दक्षिणेच्या दोन रूपांना पुन्हा दोन स्वतंत्र जाती मानलं. दुसरा बदल पुढे टिकला, पहिला टिकला नाही.

इथे नकाशा लागतो. सह्याद्रीची भिंत आपल्याला सलग वाटते, पण केरळ-तमिळनाडूच्या सीमेवर पालक्काडला ती तुटते. तीसेक किलोमीटर रुंदीची ही खिंड आहे, समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटर उंचीची. उत्तरेला नीलगिरी, तिथलं दोड्डबेट्टा 2,637 मीटर. दक्षिणेला अनैमलै, तिथलं अनैमुडी 2,695 मीटर. मधे गरम, सखल, शेतीचा पट्टा. आणखी दक्षिणेला शेंकोट्टाची खिंड आहे, ती बरीच अरुंद. तिच्या पलीकडे अगस्त्यमलैचे, म्हणजे अशाम्बूचे डोंगर.

शोलाकिळी साधारण हजार-बाराशे मीटरच्या वर, थंड आणि दमट सावलीतच राहते. उडते थोडी, चालते जास्त. तिच्यासाठी पालक्काडची खिंड म्हणजे समुद्र आणि डोंगरमाथे म्हणजे बेटं. म्हणूनच या शिखरांना अभ्यासक ‘आकाशबेटं’ म्हणतात. बेटांवर अडकलेले जीव हळूहळू वेगळे होत जातात. ते समुद्रातल्या बेटांवर जसं घडतं, तसंच इथेही.

हे खरंच घडलंय का, हे बघायला व्ही. व्ही. रॉबिन, अनिंद्य सिन्हा आणि उमा रामकृष्णन यांनी वेगवेगळ्या डोंगरांवरच्या शोलाकिळींच्या डीएनएची तुलना केली. त्यांचा निबंध 2010 मध्ये आला. पालक्काड खिंडीच्या दोन बाजूंचे पक्षी एकमेकांपासून फार पूर्वी, लाखो वर्षांमागे, तुटलेले निघाले. शेंकोट्टाच्या दोन बाजूंनाही फरक होता, पण तो त्यामानाने अलीकडचा. म्हणजे जर्डन आणि ब्लॅनफर्ड यांनी नुसत्या डोळ्यांनी, रंग बघून जी रेघ मारली होती, तीच डीएनएनेही मारली. मला या निकालातलं सगळ्यात सुंदर काही वाटत असेल तर ते हेच.

2017 मध्ये रॉबिन आणि सहकाऱ्यांनी मोठा पल्ला गाठला. या गटात सुषमा रेड्डीही होत्या. आता प्रश्न होता वंशाचा: शोलाकिळींचे खरे नातेवाईक कोण? त्यासाठी माशीमार कुळातल्या पुष्कळ पक्ष्यांची जनुकं एकत्र मांडून वंशावळ काढली, शिवाय नमुन्यांची मापंही घेतली. उत्तर कोणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. शोलाकिळी आखूड पंखवाल्यांची नव्हे, मायिओमेलाचीही नव्हे. ती निघाली नीलतवा, सायोर्निस आणि युमायास या माशीमारांच्या घरातली.

सायोर्निस म्हणजे कोण? टिकेलचा निळा माशीमार सायोर्निसच. महाराष्ट्रात ओढ्याकाठच्या झाडीत नारिंगी छातीचं ते निळं पाखरू अनेकांनी पाहिलं असेल. आणि युमायासमधला नीलगिरी माशीमार तर शोलाकिळीच्याच जंगलात, तिच्या डोक्यावरच्या फांद्यांवर बसून माश्या टिपतो. एक भाऊ फांदीवर राहिला, दुसरा जमिनीवर उतरला. जमिनीवर राहणाऱ्याला लांब पाय आणि आखूड पंख सोयीचे. तसं राहणीमान असणाऱ्या दूरच्या आखूड पंखवाल्यांसारखा तो दिसू लागला आणि दीडशे वर्षं पक्षीशास्त्र त्या दिसण्याला फसलं. सारखं काम केल्याने सारखं अंग येतं, रक्ताचं नातं असायलाच हवं असं नाही.

मात्र शोलाकिळी या तीन वंशांपैकी एकातही चपखल बसत नव्हती. ती फार आधीच वेगळी झालेली फांदी होती. म्हणून तिला स्वतःचा वंश दिला: ‘शोलिकोला’, म्हणजे शोलात राहणारी. याच निबंधात शोलातल्या हसऱ्या पक्ष्यांनाही, स्थानिक भाषेत ‘चिलप्पन’ म्हणतात त्यांना, ‘मॉन्टिसिंक्ला’ हा नवा वंश मिळाला. 2017 सालात, शेकडो वर्षं डोळ्यांसमोर असलेल्या भारतीय पक्ष्यांमधून दोन नवे वंश निघतात, आणि दोन्ही फक्त सह्याद्रीचे! याची बातमी व्हायला हवी तेवढी झाली नाही असं मला वाटतं.

आज नीलगिरीच्या बाजूची ती ‘शोलिकोला मेजर’. नीलगिरी, वायनाड आणि कर्नाटकातले बाबाबुडनगिरीपर्यंतचे डोंगर हा तिचा मुलूख. पालक्काडच्या दक्षिणेची ‘शोलिकोला अल्बिव्हेंट्रिस’. तिसरी शेंकोट्टाच्या पलीकडची. तिला 2017 च्या निबंधात ‘अशाम्बुएन्सिस’ हे नाव देऊन स्वतंत्र जात म्हटलं. पण अनेक जागतिक याद्या तिला अजून अल्बिव्हेंट्रिसची उपजातच मानतात.

आता धोक्याच्या यादीकडे येऊ. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघ, म्हणजे आययूसीएन, लाल यादी ठेवतो. त्यातलं पक्ष्यांचं काम बर्डलाइफ इंटरनॅशनल ही संस्था बघते. यादीत धोक्याच्या तीन पायऱ्या आहेत: असुरक्षित, त्यावर संकटग्रस्त, त्यावर अतिसंकटग्रस्त. लोकांना वाटतं की ‘दुर्मिळ दिसतो म्हणून’ पक्षी या यादीत जातो. तसं नाही. पाच कसोट्या आहेत आणि प्रत्येकीला आकड्यांच्या मर्यादा आहेत.

शोलाकिळीसारख्या पक्ष्याला मुख्यतः लागू पडते ती प्रदेशाची कसोटी. जात जिथे जिथे सापडते त्या सर्वांत बाहेरच्या ठिकाणांना जोडून कुंपण घातलं तर आत किती जागा येते, हा पहिला आकडा. तो 20,000 चौरस किलोमीटरच्या खाली असेल तर असुरक्षित, 5,000 च्या खाली असेल तर संकटग्रस्त. पण कुंपणाच्या आत सगळीकडे पक्षी नसतो. म्हणून दुसरा आकडा: नकाशावर दोन किलोमीटर बाजूचे चौकोन आखून त्यातले प्रत्यक्ष वापरातले मोजायचे. त्याच्या मर्यादा 2,000 आणि 500 चौरस किलोमीटर. नुसता लहान प्रदेश असूनही भागत नाही. प्रदेश तुकड्या-तुकड्यांत विखुरलेला असणं, घट चालू असणं, संख्येत टोकाचे चढउतार असणं, यांपैकी किमान दोन गोष्टीही दाखवाव्या लागतात. तुकडे आणि घट, शोलाकिळीच्या बाबतीत दोन्ही आहेत.

दुसरी कसोटी डोक्यांची. प्रजननक्षम पक्षी 10,000 पेक्षा कमी आणि घटत असतील तर असुरक्षित, 2,500 पेक्षा कमी असतील तर संकटग्रस्त. याही कसोटीला घटीबद्दलच्या पोटअटी आहेत, त्या इथे सोडू.

जातीची रेघ कुठे मारली याला इतकं वजन का, ते इथे कळतं. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका ‘जातीचे’ 12,000 पक्षी आहेत आणि ते घटताहेत. डोक्यांच्या कसोटीवर ते सुरक्षित ठरले. पण अभ्यासात निघालं की या तीन जाती आहेत: एकीचे 7,000, दुसरीचे 3,000, तिसरीचे 2,000. रातोरात पहिल्या दोन असुरक्षित झाल्या आणि तिसरी संकटग्रस्त. जंगलात एकही पक्षी मेला नाही की जन्मला नाही. बदलली ती आपली समज. उलट बाजूनेही बघा. तिन्ही एकत्र मोजत राहिलो असतो तर ती 2,000 ची सगळी टोळी संपली असती आणि कागदावर एक जात फक्त ‘थोडी कमी’ झाली असती.

शोलाकिळीच्या बाबतीत असंच काहीसं झालं. दोन्ही रूपं एकच जात होती तेव्हा ती ‘असुरक्षित’ होती. वेगळी केल्यावर दोघींचं स्वतंत्र मोजमाप झालं. आज नीलगिरीची शोलाकिळी ‘संकटग्रस्त’ आहे, पांढऱ्या पोटाची ‘असुरक्षित’. काही जण म्हणतात की अभ्यासक जाती फोडून संरक्षणाची यादी फुगवतात. सगळीकडे असं कधीच होत नसेल असं मी म्हणणार नाही. पण इथे रेघ आधी रंगाने मारली, मग खिंडीने, मग डीएनएने. तीन वेगळे साक्षीदार एकच सांगत असतील तर त्यांचं ऐकायला हवं.

धोका कशाचा, तर जागेचा. ब्रिटिश काळापासून नीलगिरी आणि मुन्नारच्या डोंगरांवर चहा आला, शोला तुटले, उटी आणि कोडाईकनालसारखी गिरिस्थानं वाढली. मग लाकडासाठी, जळणासाठी आणि कातडी कमावायला लागणाऱ्या सालीसाठी ऑस्ट्रेलियातली वॅटल आणि निलगिरी, शिवाय पाइन लावले गेले. ते बहुतेक गवताळ उतारांवर लागले, कारण गवत म्हणजे ‘रिकामी जागा’ असा समज होता. पळणी डोंगरांच्या उपग्रह चित्रांवरून 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की चार दशकांत तिथली दोन तृतीयांश गवताळ जमीन लागवडीने आणि शेतीने गिळली. शोलाकिळी गवतात राहत नाही हे खरं. पण शोला आणि गवत ही एकच जोडवस्ती आहे. झाड लावलं म्हणजे चांगलंच झालं, हा आपला आवडता विश्वास या डोंगरांवर लागू पडत नाही, आणि हे पुन्हा पुन्हा सांगत राहावं लागतं.

जंगल उभं असूनही पक्षी हरू शकतो. 2015 च्या एका अभ्यासात शोलाकिळीसह दोन डोंगरी पक्ष्यांच्या जनुकांत माणसाने अलीकडे पाडलेल्या तुकड्यांचा माग दिसला. खिंडी निसर्गाने लाखो वर्षांपूर्वी पाडल्या होत्या. आपण काही पिढ्यांत, एकाच डोंगराच्या आत, नव्या खिंडी पाडल्या. दोन शोलांच्या मधे चहाचा मळा आला की हे पाखरू तो सहज ओलांडत नाही. आणि डोंगरमाथ्यावर राहणाऱ्याला तापत्या हवामानात आणखी वर सरकायला डोंगरच उरत नाही.

आधार अगदीच नाही असं नाही. इरविकुलम, मुकुर्ती आणि सायलेंट व्हॅली ही राष्ट्रीय उद्यानं तिच्या मुलखात आहेत, आणि 2012 मध्ये पश्चिम घाटातली जी 39 ठिकाणं जागतिक वारसा ठरली त्यांत हीही आली. दाट शोला जिथे राखला गेलाय तिथे ती आहे. झाडाच्या पोकळीत किंवा वाटेकडेच्या दरडीतल्या भोकात, शेवाळ आणि मुळ्यांनी भरलेल्या घरट्यात दोन करड्या-हिरव्या अंड्यांवर बसलेली.

मला सारखी आठवते ती तिसरी, अशाम्बूची. तिला उपजात म्हणत आहोत तोवर लाल यादीत तिची स्वतंत्र ओळ नाही. तिचे पक्षी किती, कोणत्या शोलात, वाढताहेत की घटताहेत, हे अल्बिव्हेंट्रिसच्या बेरजेत मिसळून जातं. तिन्हींमध्ये सगळ्यात लहान डोंगररांग तिच्या वाट्याला आली आहे. याद्या ठरवणाऱ्यांची सावधगिरी मला समजते. थोड्या नमुन्यांवर नवी जात मान्य करायची नसते. पण त्या डोंगरांवर वेगळी मोजणी सुरू करायला नाव मान्य होईपर्यंत थांबायची गरज नाही. पहाटे तिथल्या शोलाकडेला उभं राहून ऐकू येणारी प्रत्येक शीळ जागा आणि वेळ घालून नोंदवता येते, तिचं ध्वनिमुद्रण ठेवता येतं. फक्त तिचाच आवाज वाजवून तिला बाहेर बोलवू नये, कारण ती आपल्या हद्दीत परका शिरला असं समजून घरटं सोडून धावत येते.